अंग धरत नाही, पण उधळते: बारीक घोडीला काय आणि कसं खायला घालावं

फलटण तालुक्यातल्या एका तरुण घोडामालकाचा प्रश्न असा: "ताई, डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारातून सहा वर्षांची मारवाडी घोडी घेतली. आणली तेव्हापासून फासळ्या मोजून घ्याव्यात अशी आहे. रोज पाच किलो चंदी देतो. हरभरा, मका आणि जव सारखे, सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यातून. वैरणीला कडबा आणि थोडा हत्तीघास. अडीच महिने झाले, अंग काही धरत नाही, पण वारं प्यायल्यासारखी वागते. कागद उडाला तरी उधळते, खोगीर टाकताना दोन पायांवर उभी राहते. चंदी वाढवू की कमी करू?"

कमी करा. निम्म्याहून खूप कमी करा, पण एका दिवसात नको. आणि त्याआधी एक काम करा, ते म्हणजे घोडी बारीक का आहे हे शोधा. पाच किलो दाणा रिचवूनही जनावर भरत नसेल, तर दोष नुसत्या दाण्याच्या मापात नसतो. गेली सत्तावीस वर्षं मी घोडी सांभाळते आहे. त्यांतली बरीचशी दुसऱ्यांच्या हातून हाडं वर आलेल्या अवस्थेत आमच्या पागेत आली. त्या अनुभवावरून सांगते: बहुतेकांना आधी दाण्यापेक्षा दातांचा, जंतांचा आणि वैरणीचा उपाय लागला.

दातांपासून सुरुवात करू. आमच्याकडे एक अबलख तट्टू होतं, चौदा-पंधरा वर्षांचं. आठ महिने खाऊ घातलं, तरी मणके दिसायचे ते दिसायचेच. एका सकाळी गव्हाणीखाली झाडताना हाताला ओलसर, चेपलेला गवताचा गोळा लागला, साधारण लिंबाएवढा. बाजूला तसेच आणखी पाच-सहा. तट्टू गवत तोंडात घ्यायचं, एका बाजूनं चघळायचं आणि गिळता येत नाही म्हणून टाकून द्यायचं. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा गडी, रोज ते गोळे शेणाबरोबर लोटून टाकत होता, आणि मला कोणी सांगितलं नाही कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मागच्या दाढेला सुरीसारखी धार आली होती, तिनं गालाला आतून जखम केली होती. पशुवैद्यांनी दाढा घासल्या आणि पुढच्या तीन महिन्यांत तट्टू भरलं. खाणं तेच होतं. घोड्याच्या दाढा जन्मभर वर येत राहतात आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे कडेला धार उरते. म्हणून वर्षातून एकदा तरी दात दाखवावेच लागतात. तुमच्या घोडीच्या गव्हाणीखाली उद्या सकाळी स्वतः वाकून बघा. लिदीत अख्खे दाणे किंवा बोटभर लांब गवताच्या काड्या दिसतात का, तेही बघा. डोंगरी गवत घालत असाल तर हिरड्या आणि ओठांच्या आतल्या बाजूला कुसळं रुतली आहेत का हेही तपासा. कुसळी गवतानं तोंड फोडलेली घोडी मी पाहिली आहेत, ती भूक असूनही गव्हाणीपासून मागे सरतात.

दुसरं जंत. "बाजारातून आणल्या आणल्या औषध पाजलं" असं सगळेच सांगतात. कुठलं पाजलं, वजनाच्या हिशोबानं पाजलं का, आणि नंतर लीद तपासली का, हे कोणी सांगत नाही. ताजी लीद जवळच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत देऊन अंडी मोजून घ्या, मग औषध ठरवा. फार अशक्त जनावरात जंत खूप असतील तर एकदम सगळे मारल्यानं पोट दुखू शकतं, म्हणून हे दुकानदाराच्या सल्ल्यानं करू नका.

तिसरी गोष्ट आपल्या भागात हटकून विसरली जाते, ती म्हणजे सर्रा. डांसांसारख्या चावऱ्या माशांमधून ट्रिपॅनोसोमा नावाचा परजीवी रक्तात जातो. घोडी खाते-पिते, पण वाळत जाते. मधूनच ताप येतो आणि उतरतो, हिरड्या फिकट पडतात, पोटाखाली किंवा पायांना सूज येते. बाजारात शेकडो जनावरं एका जागी बांधलेली असतात, तिथून आलेल्या घोडीच्या बाबतीत ही शंका घ्यायलाच हवी. काचेवरच्या रक्ताच्या तपासणीत परजीवी दरवेळी सापडतोच असं नाही, म्हणून पशुवैद्यांना प्रतिपिंडांच्या चाचणीबद्दल विचारा. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र अशा तपासण्या करतं. गोचिडांमधून होणारा बबेसिओसिस हा रक्तातल्या परजीवीचा आजारही त्याच वेळी तपासून घ्या. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस असतं. ही वही पशुवैद्यांच्या फार उपयोगी पडते.

हे सगळं निपटलं असं धरून आता खाण्याकडे येते.

आधी घोडी किती बारीक आहे ते ठरवू. शिंप्याची फीत घ्या. पुढच्या पायांच्या मागून, खांद्यांच्या उंचवट्यावरून छातीचा घेर मोजा, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. समजा घेर १६५ आणि लांबी १४५ आली, तर वजन साधारण ३३० किलो. तुमच्या घोडीची उंची तुम्ही सांगितलेली नाही, पण मध्यम चणीची मारवाडी घोडी ३७० च्या आसपास असायला हरकत नाही. म्हणजे ३५-४० किलोची तूट.

आकड्याइतकाच हातही उपयोगी. घोड्याची अंगलट १ ते ९ या मापानं मोजतात, १ म्हणजे सापळा, ९ म्हणजे अति लठ्ठ. टेक्सासमध्ये डॉन हेनेकी यांनी १९८३ साली ही पद्धत मांडली. मान, खांद्यांचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, फासळ्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागी हात फिरवायचा. थंडीत केस वाढले की डोळा फसतो, हात फसत नाही. स्वतःची मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा, फासळ्या तशा लागत असतील तर घोडी बारीक. हात उघडून पंजाच्या पाठीवरून बोटं फिरवा, आतली हाडं कळतात पण वर येत नाहीत. तुम्हाला तिथवर पोचायचं आहे, म्हणजे ५ वर. तुमच्या वर्णनावरून ती आज ३ वर असावी. एक घर वर चढायला नीट खाण्यावर साधारण दोन महिने लागतात, तेव्हा चार महिन्यांची तयारी ठेवा. पंधरा दिवसांत घोडी भरून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

घोडी अगदीच सापळा झालेली असती, उठताना धडपडत असती, तर माझं उत्तर वेगळं असतं. अशा जनावराला एकदम भरपूर खायला घातलं, विशेषतः दाणा, तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्यानं उतरतं आणि जनावर खाणं सुरू केल्यानंतरच्या काही दिवसांत दगावतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी यावर काम करून पद्धत बसवली आहे. पहिले तीन दिवस दर चार तासांनी फक्त अर्धा किलोच्या आत वाळलेला लसूणघास, मग दहाव्या दिवसापर्यंत हळूहळू वाढ, आणि दाणा बऱ्याच पुढे. रस्त्यावर सोडलेली घोडी कोणी सोडवून आणली तर मायेनं पहिल्याच रात्री तोबरा भरू नका.

आता तुमची पाच किलो चंदी. हरभरा, मका, जव या मिश्रणात निम्म्याच्या आसपास स्टार्च असतो. म्हणजे दिवसाला अडीच किलो आणि एका वेळेला सव्वा किलो स्टार्च. घोड्याला एका वेळेला वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम स्टार्चच्या आत ठेवावं, असं आज मानतात. तुमच्या घोडीला एका वेळेला ३३० ग्रॅम. तुम्ही जवळपास चौपट देत आहात.

घोड्याचं जठर शरीराच्या मानानं लहान असतं, आणि लहान आतड्यातून खाणं लवकर पुढे सरकतं. तिथे न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जातो. मोठं आतडं म्हणजे खरं तर गवत आंबवण्याची भट्टी. कोट्यवधी सूक्ष्मजीव तिथे तंतूंपासून ऊर्जा काढून देतात. त्यांच्यावर स्टार्चचा मारा झाला की आम्ल तयार होतं, तंतू पचवणारे जीव मरतात, आणि मग घोडी जी वैरण खाते तीसुद्धा नीट पचत नाही. दाणा वाढवूनही अंग का धरत नाही, याचं एक उत्तर इथे आहे. पुढचा टप्पा पोटशूळ आणि खुरांचा दाह. तो आला तर घोडी कायमची लंगडी होऊ शकते.

जठराचंही ऐका. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, आणि ते मारणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. एक किलो वाळलं गवत चावायला साधारण चाळीस मिनिटं लागतात, एक किलो दाणा दहा मिनिटांत संपतो. तोबरा चाटून पुसून रिकामा झाला की पुढचे कित्येक तास रिकाम्या जठरात आम्ल साचतं आणि व्रण पडतात. खोगीराचा पट्टा आवळताना दात दाखवणारी, कान मागे टाकणारी घोडी कित्येकदा पोटात दुखतं म्हणून तसं करते. तुमची घोडी खोगीर टाकतानाच उभी राहते असं तुम्ही लिहिलं आहे. मला त्यात माजापेक्षा दुखण्याचा वास येतो. खोगीर पाठीवर कसं बसतं तेही बघा. मारवाडी घोडी बारीक झाली की खांद्यांचा उंचवटा उघडा पडतो आणि आधी बसणारं खोगीरही तिथे टेकतं.

मग अंग कशानं भरायचं? वैरणीनं, आणि वर थोड्या तेलानं.

वैरण घोडीसमोर कायम हवी, रात्रीसुद्धा. एकदा रात्री दोन वाजता उठून गोठ्यात जा आणि गव्हाणीत हात घाला. रिकामी असेल तर तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मारवेल, पवना, हरळी अशी फुलोऱ्याच्या सुमाराला कापून हिरवट रंगावर वाळवलेली गवतं चांगली. ओटचं वाळलं गवत मिळालं तर फारच उत्तम. दाणे भरून पिवळं पडल्यावर कापलेलं गवत पोट भरतं, अंग भरत नाही. घोडीला दिवसाला सहा-सात किलो वाळलं गवत लागेल.

कडब्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडे घरात कडबा असतोच आणि तो फुकटचा वाटतो. वाळल्या कडब्याची पानं घोडी खाते, धाटं उष्टी टाकते, आणि धाटांत तसाही फारसा कस नसतो. थोडा कडबा तोंडी लावायला चालेल, मुख्य वैरण म्हणून नको. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला अजिबात नको, खुरटलेली आणि पोंग्यातली तर नाहीच. तिच्यात सायनाइड असतं हे गाईम्हशी पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. घोड्यात आणखी एक होतं: आठवडेच्या आठवडे हिरवी ज्वारी खाऊन मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी आपोआप गळायला लागते. ते बरं होत नाही म्हटलं तरी चालेल.

हत्तीघासात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. उसाच्या वाढ्याचंही तेच. त्यात भर म्हणून लोक "थंड" म्हणून गव्हाचा कोंडा घालतात, आणि कोंड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस. हत्तीघास आणि कोंडा या जोडीवर वर्षभर ठेवलेल्या घोड्याची हाडं आतून पोकळ होतात, तोंडाची हाडं सुजून चेहरा रुंद दिसायला लागतो आणि जनावर पाय बदलत बदलत लंगडतं. तुमचा थोडा हत्तीघास हळूहळू बंद करा आणि त्याच्या जागी लसूणघास आणा. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, प्रथिनं चांगली, आणि स्टार्च नगण्य. वाळलेला दीड किलो पुरे. हिरवा देणार असाल तर सात किलोच्या आसपास, कारण हिरव्यात पाचातले चार भाग पाणीच असतं. तो कापून तासभर सुकवून द्या, पावसात भिजून तापलेला ढीग कधीच घालू नका. लसूणघासानं घोडी गरम होते असं काही मालक सांगतात. एखादी होतेही, तिला कमी करावा. पण बहुतेक वेळा लसूणघासाबरोबर दाणाही चालू असतो आणि दोष घासावर येतो.

तेल हा या सगळ्यातला सर्वांत सोपा आणि आपल्याकडे सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय. १०० मिलि तेलात साधारण पाव किलो दाण्याइतकी ऊर्जा असते आणि स्टार्च शून्य. घोड्याला पित्ताशय नसतं म्हणून तेल पचत नाही, असं अनेक जण ठामपणे सांगतात. पित्ताशय नसतं हे खरं, पण पित्त सतत पाझरत असतं, आणि सवय झाली की घोडा तेल उत्तम पचवतो. सोयाबीनचं, करडईचं, भाताच्या कोंड्याचं, कुठलंही ताजं खाण्याचं तेल चालेल. वडे तळून उरलेलं नको. पहिल्या आठवड्यात रोज ३० मिलि, मग दर चार दिवसांनी थोडं वाढवत तीन आठवड्यांत १५० मिलिवर या, दोन वेळांत वाटून. लीद तेलकट किंवा पातळ झाली तर एक पायरी मागे. तेल वाढवताना ई जीवनसत्त्व जोडावं लागतं, त्याचं प्रमाण पशुवैद्यांकडून घ्या.

नुसत्या चरबीनं पाठ भरत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना खळ पडलेली असते तिथे स्नायू लागतो, आणि त्याला चांगलं प्रथिन हवं. सोयाबीनची पेंड रोज २५० ग्रॅम त्यासाठी पुरते. घरचं कच्चं सोयाबीन मात्र भरडून घालू नका, त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो भाजल्या-शिजवल्याशिवाय जात नाही. जवस आवडीनं खाते, केसांना चकाकी येते, १०० ग्रॅम पुरे. ते चांगलं खळखळून उकळून द्या, कोमट पाण्यात भिजवून रात्रभर ठेवू नका.

चंदी अडीच-तीन आठवड्यांत उतरवत आणा: दर दोन दिवसांनी अर्धा किलो कमी. मका पहिल्यांदा काढा, तो सर्वांत पिठूळ. शेवटी अर्धा किलोच्या आसपास भिजवलेला हरभरा, दोन वेळांत, एवढंच राहू द्या. पेंड, जवस आणि तेल कालवायला काहीतरी हवंच असतं. त्यात हरभऱ्याची टरफलं ओली करून घातलीत तर तोबरा भरल्यासारखा दिसतो आणि घरातली वडीलधारी मंडळी "घोडीला उपाशी ठेवलंय" म्हणत नाहीत. गूळ, दूध, अंडी यांचा आग्रह होईल. औषध लपवायला गुळाचा खडा चालतो, रोज पावशेर नाही. दूध मोठ्या घोड्याला पचत नाही. रोज एक मूठ मीठ, ३० ग्रॅमच्या आसपास, आणि कायम समोर स्वच्छ पाणी. तहानलेली घोडी वैरण कमी खाते, आणि मार्च-एप्रिलमध्ये फलटणला दोन बादल्यांत भागत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगते. कोंबडीचं खाद्य घोडीच्या जवळपासही ठेवू नका. वजन वाढवतं म्हणून कोणीतरी सुचवेलच. त्यात मोनेन्सिनसारखं औषध असू शकतं. कोंबडीला ते मानवतं, घोड्याच्या हृदयाचा स्नायू मारतं, आणि त्यावर उतारा नाही. गाईच्या तयार खाद्यातही ते असण्याची शक्यता असते. आमच्या ओळखीतलं एक शिंगरू एका संध्याकाळी उघड्या राहिलेल्या पोत्यात तोंड घालून उभं होतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेलं. पोत्याचं तोंड बांधलेलं असतं तर ते आज आठ वर्षांचं असतं.

खाण्याइतकंच बांधण्याचंही आहे. तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारते: घोडी दिवसभर अगाडी-पिछाडी बांधलेली असते का? तेवीस तास दोरात उभं राहिलेलं जनावर सोडल्यावर उधळणारच, मग त्याला तुम्ही काहीही खायला घाला. कुंपण घातलेला एखादा तुकडा मोकळा करा, रोज काही तास सोडा, शक्य असेल तर दुसऱ्या घोड्याच्या नजरेच्या टप्प्यात. सहा आठवडे वर बसू नका. हातात धरून वीस-तीस मिनिटं चालवा, जमलं तर हलक्या चढावर. पाठ आणि पुठ्ठा त्यानंच घडतो. आणि रोज खरारा करा, स्वतःच्या हातानं. फासळ्यांवर मांस कधी आलं ते तुम्हाला फितीच्या आधी कळेल.

एवढं करूनही ती पूर्ण शांत होईलच असं मी म्हणणार नाही. बारीक घोडी शांत वाटते ती पुष्कळदा अशक्तपणामुळे. पोट भरलं, ताकद आली की तिचा खरा स्वभाव वर येतो, आणि मारवाडी घोडी मुळातच तल्लख असते. पण तो तल्लखपणा शिकवता येतो. स्टार्चनं आणि पोटदुखीनं पेटलेल्या घोडीला काही शिकवता येत नाही. तेल आणि तंतूंवर ठेवलेली घोडी दाण्यावर ठेवलेल्यांपेक्षा कमी बुजतात, हे प्रयोगांतून दिसलं आहे आणि आमच्या पागेतही मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच फितीनं मोजा आणि बाजूनं एक फोटो काढा. पहिल्या महिन्यात आकडा हलला नाही तरी घाबरू नका, पोट सावरायला तेवढा वेळ लागतो. दोन महिन्यांनी काहीच फरक नसेल तर खाणं वाढवण्याऐवजी पुन्हा पशुवैद्यांकडे जा आणि यकृत, मूत्रपिंड तपासायला सांगा.

आणि गवत आत्ताच भरून ठेवा. दिवसाला सात किलो धरलं तर चार महिन्यांना ८४० किलो, वर नासधूस धरून एक टन. फेब्रुवारीत ज्या भावानं पेंढी मिळते तो भाव मे महिन्यात राहत नाही, आणि पहिल्या पावसानंतर मिळणाऱ्या गवताला बुरशी असते. गंजी जमिनीपासून वीतभर वर, फळ्यांवर रचा आणि वरून झाका. पेंढी सोडताना पांढरी धूळ उडाली किंवा कुबट वास आला, तर ती पेंढी घोडीला घालू नका, कितीही पैसे मोजलेले असोत.